नाव न विचारणारे देवतळे सर

फोन आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर होते. सकाळचे सात-सव्वासात झाले असतील. पोरी रांगेने बास्केटबॉलचे ले-अप मारत होत्या आणि मी एकीवर ओरडत होते की अगं, पाय कोणता टाकतेस! पलीकडून एका कॉलेजचे क्रीडा संचालक बोलत होते. "मॅडम, देवतळे सर गेले... पहाटे. झोपेतच." मी नुसतं "अरे" म्हटलं. लगेच त्यांनी विचारलं, "यंदाची यादी वेळेवरच येणार नं?" माणूस अजून घरातच होता आणि यांना यादीची पडली होती. पण खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. मला राग आला तो सरांचा. झोपेत गेले, म्हणजे सुटले. मला त्यांच्याकडून एक ओळ लिहून हवी होती, त्यांच्या हातची, त्यांच्या सहीची, आणि ती न देताच गेले. ती ओळ कोणती, हे सांगायलाच मी हा लेख लिहिते आहे.

आठवड्याने नागपूरच्या सदर भागात एका कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, हे आपल्याकडे चालतंच, त्यामुळे मी मनाची तयारी करून गेले होते. दहा-बारा जण बोलले आणि प्रत्येकाने फिरून फिरून एकच गोष्ट सांगितली, की सरांनी इतक्या वर्षांत एकाही खेळाडूचं नाव विचारलं नाही. जात नाही, बाप नाही, गाव नाही, पाहिला तो फक्त जर्सीचा नंबर. लोकांनी माना डोलावल्या, एकाने डोळे पुसले. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते. हे सोळा आणे खरं आहे, याची मीही साक्ष देईन. माझंही नाव त्यांनी विचारलं नव्हतं. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी घसा बसल्याचं सांगून हात जोडले, कारण समोर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या आणि काकूंशी माझं काही भांडण नाही. मग या पुरवणीच्या संपादकांनी "सरांवर चार चांगल्या ओळी" मागितल्या. चांगल्या ओळी लिहीन, चारपेक्षा जास्तच लिहीन. पण त्यांच्यासोबत दुसऱ्याही येतील, त्याला माझा इलाज नाही.

ज्यांना बास्केटबॉलशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी आधी यादीचं सांगते. आपल्याकडच्या कॉलेजांना दरवर्षी संघासाठी बारावी झालेली नवी पोरं-पोरी लागतात. खेळाडू म्हणून प्रवेश, फी माफ, वसतिगृहात जागा. पण कोणत्या शाळेत कोण चांगलं खेळतं, हे पाहत गावोगाव फिरायला कोणत्या कॉलेजवाल्याला वेळ आहे? ते काम देवतळे सर करायचे. ते स्वतः एका शाळेत क्रीडाशिक्षक, कोणत्याही कॉलेजचे मिंधे नाहीत. हिवाळ्यातल्या शालेय स्पर्धा संपल्या की ते यादी काढत. वीस मुलं, वीस मुली. क्रमांक, नाव, शाळा आणि प्रत्येकापुढे एक-दोन ओळींचा शेरा. आधी सायक्लोस्टाइल, नंतर झेरॉक्स, पाठपोट एकच कागद. तो कागद म्हणजे ब्रह्मवाक्य. पहिल्या पाचात नाव आलं तर कॉलेजवाले पेढे घेऊन घरी येत. विसावी असली तरी कुठे ना कुठे सोय लागायची. आणि यादीत नाव नसेल तर तुम्ही खेळत होतात की नव्हतात, हे कोणी कुत्रं विचारत नसे.

आणि हेही सांगायलाच हवं, की त्या माणसासारखी नजर मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. सगळे बॉलकडे पाहत, सर बॉल सोडून बाकी सगळं पाहत. बास्केट किती टाकल्या हे त्यांनी शेऱ्यात कधी लिहिलं नाही. "बास्केट तं आंधळ्याचीबी पडते वं," ते म्हणायचे, "चुकल्यावर काय करते ते पाह्य." चुकल्यावर मान खाली घालून उभी राहते की उलटी फिरून धावते? बाकावर बसवली तर टाइमआउटला पाण्याची बाटली दुसरीला देते की स्वतःच्याच तोंडाला लावते? उंचीपेक्षा ते हातांची लांबी पाहत आणि हातांपेक्षा घोटे. स्टँडच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसायचं, कोणाशी बोलायचं नाही, वहीत फक्त नंबर टाकायचे आणि स्पर्धा आटोपली की गुणलेखकाच्या टेबलावर जाऊन नंबरांपुढे नावं उतरवून घ्यायची, अशी त्यांची रीत. नाव आधी कळलं की डोळ्यांवर झापड येते, हा त्यांचा सिद्धांत. नावात आडनाव येतं, आडनावात जात येते, मग अमक्याची पुतणी आणि तमक्याची भाची येते. त्यांच्याभोवतीचे निवड समितीवाले कसे होते ते मी पाहिलं आहे. त्या चिखलात हा सिद्धांत पाळणं सोपं नव्हतं, आणि सरांनी तो पाळला.

आता माझ्या वर्षाचं. आम्ही उमरेडचे. घरी हातमाग, बाबा विणायचे आणि शाळेतून आल्यावर मीही मागावर बसायचे. उजव्या हाताने धोटा फेकायचा, डाव्याने झेलायचा, डाव्याने फेकायचा, उजव्याने झेलायचा. त्यामुळे बॉल हातात आला तेव्हा माझा डावा हात कोणी शिकवायच्या आधीच तयार होता. आमच्या शाळेत जर्सी होत्या सात आणि पोरी दहा. प्रत्येक सामन्याआधी बाई ट्रंक उघडायच्या आणि जिच्या हाताला जी लागेल ती तिची, त्या सामन्यापुरती. नागपूरच्या त्या स्पर्धेत एकाच दिवशी आमचे दोन सामने होते. सकाळी मला नऊ नंबर मिळाला आणि मी आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ खेळले. संध्याकाळी मला तेरा मिळाला, नऊ नंबर आमच्याच संघातल्या शोभाला गेला, आणि आम्ही हरलो. वरच्या पायरीवर सर दोन्ही वेळा होते. त्यांची नऊ नंबरची नोंद सकाळीच पक्की झाली होती, संध्याकाळी ते समोरच्या संघाच्या पोरी पाहत होते. मग ते खाली उतरले, टेबलावरचा संध्याकाळचा कागद पाहिला आणि नऊसमोर शोभाचं नाव उतरवून घेतलं.

यादी टपालाने शाळेत आली. क्रमांक दोन, शोभा. शेरा असा... मला तो आजही तोंडपाठ आहे: "डावा हात उजव्याइतकाच. चुकली तरी मान खाली नाही, सर्वांत आधी परत येते. नेणाऱ्याने डोळे मिटून न्यावी." शोभाला डाव्या हाताने उभ्या जागी टप्पा देता येत नसे, हे तीच हसत हसत सांगायची. बाईंनी तो शेरा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि त्याच दिवशी सरांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. महिन्याभराने कॉलेजवाले पेढे घेऊन शोभाकडे गेले. शोभावर माझा राग नव्हता, आजही नाही. सतरा वर्षांच्या पोरीने घरी चालून आलेली लक्ष्मी परत पाठवावी, असं म्हणायचं माझं तोंड नाही. बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "कॉलेजवाले नेऊन राहिले असन तं जाय माय, मी काहून आडवा येऊ? नाहीतं माग हायेच आपला." तर माग होताच. दोन वर्षं मी त्यावर बसले आणि प्रत्येक धोट्यासरशी त्या लांबूनच पाहिलेल्या माणसाला शिव्या दिल्या.

पुढे बाईंनीच माझ्या मागे लागून मला बाहेरून शिकायला लावलं, मग बी.पी.एड., मग नागपुरातल्या एका शाळेत नोकरी. हे सगळं व्हायला जी वर्षं गेली त्यांत खेळायचं वय निघून गेलं. मी खेळाडू झालेच नाही, खेळ शिकवणारी झाले. आणि नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात मी स्टँडच्या वरच्या पायरीवर, सरांच्या शेजारी जाऊन बसले. कशाला? उट्टं काढायला. दुसरा काही उदात्त हेतू नव्हता. मला त्यांची पद्धत आतून पाहायची होती, तिचं भोक शोधायचं होतं आणि एक दिवस चारचौघांत त्यात बोट घालायचं होतं. त्यांनी मान न वळवताच विचारलं, "कोणत्या शाळेची वं तू?" मी शाळा सांगितली. नाव त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी 'मास्तरीण' झाले ती झालेच.

चौदा हिवाळे मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला सगळं दिलं, हातचं राखून काही ठेवलं नाही. घोटे कसे वाचायचे, दमलेली पोरगी आणि आळशी पोरगी यांतला फरक कसा ओळखायचा, पहिली पाच मिनिटं वहीला हात का लावायचा नाही... मध्यंतरात तर्री पोहे यायचे, सर आपल्या पोह्यांवरचा तो तिखट रस्सा माझ्या प्लेटमध्ये ओतायचे, "मले डॉक्टरनं मना केलं, तू तरी खाय." कधी कधी मला ते आवडायचे आणि मग मी स्वतःवरच चिडायचे. त्या दिवशी घरी जाऊन मी तो क्रमांक दोनचा शेरा पुन्हा मनात म्हणायचे, डूख विझू नये म्हणून. माझी वहीही मी ठेवत होते. फरक एवढाच की मी नंबरांपुढे त्याच सामन्यात नाव लिहून घ्यायचे, पाणी प्यायच्या निमित्ताने खाली उतरून. सरांना ते दिसायचं. "नाव कायले पाहिजे तुले आत्तापासून?" ते विचारत. "सवय आहे सर," मी म्हणायचे.

चार वर्षांपूर्वी वेळ आली. सरांना मोतीबिंदू झाला होता, ऑपरेशन ते पुढे ढकलत होते. त्या वर्षी एका शाळेच्या वॉर्डातल्या पुढाऱ्याने स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी मुलींना नव्या जर्सी वाटल्या, मागे नंबर आणि पुढे स्वतःचं नाव. नंबर सगळे उलटेपालटे झाले. पहिले दोन दिवस जिच्या अंगात बारा होता ती पोरगी अशी खेळली होती की सरांनी वही मिटून नुसतं पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी बारा नंबर दुसरीच्या पाठीवर गेला आणि सरांनी शेवटी टेबलावरून उतरवलं ते त्या दुसरीचं नाव. क्रमांक एक! यादी झेरॉक्सला मीच नेली. दुकानात उभ्या उभ्या दोनदा वाचली... आनंदाने. लिहायला लाज वाटते, पण आनंदानेच. यादी वाटायच्या बैठकीला अजून चार दिवस होते. चार दिवसांत केव्हाही मी त्यांना फोन करून सांगू शकले असते की सर, जर्सी बदलल्या होत्या. बैठकीला आम्ही एकाच ऑटोने गेलो, तेव्हा कानात सांगू शकले असते. मी सांगितलं नाही.

बैठकीत सगळ्या कॉलेजांचे लोक होते, चहा झाला, सरांनी चष्मा पुसून क्रमांक एक वाचला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "हे नाव चुकीचं आहे." मी माझी वही काढली, मोबाईलवर पहिल्या दिवसाचं चित्रण लावलं आणि तो मोबाईल टेबलाभोवती हातोहात फिरवला. शेवटी तो सरांकडे आला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "पक्कं?" त्यांनी विचारलं. "पक्कं," मी म्हटलं. एक जण म्हणाला, मॅडम, हे आधी सांगता आलं असतं. दुसरा म्हणाला, मग बाकीची नावंही तपासायला हवीत. सरांनी कागद उलटा ठेवला आणि पेनाला टोपण लावलं. खरी पोरगी कॉलेजात गेली, आज उत्तम खेळते आहे. सगळे म्हणतात, मॅडमनी त्या पोरीसाठी एवढा वाईटपणा घेतला. साफ खोटं आहे. मी ते माझ्यासाठी केलं, ती मध्ये सापडली म्हणून तिचं भलं झालं. सर त्यानंतर मैदानावर आले नाहीत. पुढच्या वर्षापासून यादी माझ्याकडे आली. माझ्यामुळे त्यांनी हाय खाल्ली, असं माझ्या पाठीमागे बोलतात तेही मला ठाऊक आहे. खाल्ली असेल.

पण उट्टं निघालं असं मला वाटेना. कारण मी कोण हे त्यांना कुठे माहीत होतं? ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा, जाण्याच्या बारा दिवस आधी, मी हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेले. उशांना टेकून बसले होते, हात अगदी काटक्या. काकू चहा ठेवायला आत गेल्या आणि मी बोलायला तोंड उघडणार तोच तेच म्हणाले, "नऊ नंबर. उमरेड. नाही का वं?" "तुमाले कवापासून माहीत हाये?" मी विचारलं. माझ्या तोंडी एकदम घरची बोली आली. "तू पहिल्यांदा बाजूले बसली, तवाच. वर आलेला बॉल पोरीइकडे फेकला तू डाव्या हातानं. असा हात मी एकदाच पायला होता." "अन् बाईचं पत्र?" त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "आलं होतं. यादी जाऊन आठ दिवस झाले होते तवा."

"मंग काहून नाही बदललं?"

"एक नाव बदललं असतं, तं लोक म्हणले असते बाकीचेबी तपासा. त्या दिवशी म्हणलेच नं, तू पायलं. यादीवरचा भरोसा एकदा गेला की गेला. मंग त्या समितीवाल्यांचे भाचे अन् पुतणेच आले असते पुढं. उरलेल्या पोरींचं काय झालं असतं?"

"अन् माझं काय झालं ते?"

ते हळूच म्हणाले, "तुले शिकवलं नं सारं..." तेव्हा मला कळलं की चौदा वर्षं मी त्यांच्याशेजारी डाव खेळत होते असं मी समजत होते, आणि ते आपलं देणं फेडत होते असं ते समजत होते. तर्री पोह्यांसकट! मला रडू आलं नाही. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. चूक असती तर चूक म्हणून एक दिवस सोडून दिली असती, पण ही चूक नव्हती. पत्र वाचून, विचार करून, त्यांनी मला उरलेल्यांच्या भल्यासाठी बाजूला ठेवलं होतं, आणि मला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, एक ओळ लिहून द्या. त्या वर्षीच्या यादीत क्रमांक दोन मी होती, एवढंच. खाली सही." पेनही पुढे केला. त्यांनी पेनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "यादीले दुरुस्ती नसते, मंगला." माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. काकू चहा घेऊन आल्या. मी चहा घेतला, नमस्कार केला नाही, निघाले.

हा हिवाळा संपतो आहे आणि यंदाची यादी माझ्या टेबलावर आहे. वरची पायरी, पहिली पाच मिनिटं हात न लावलेली वही, चुकल्यावर पोरगी काय करते ते पाहणं, सगळं त्यांचंच आहे. ते नाकारलं तर माझ्या हाती काहीच उरत नाही. इतक्या पोरींना क्रमांक दिल्यावर आज त्या उमरेडच्या पोरीकडे मी त्यांच्याच नजरेने पाहते, तेव्हा मला वाटतं की क्रमांक दोन जरा सढळ हातानेच दिला होता. बचावात ती कच्ची होती, मी तिला चौथी ठेवली असती. पण त्यांनी दोन दिला होता, आणि तो माझा आहे. सरांनी आयुष्यात एकही दुरुस्ती काढली नाही. यादी आता माझ्याकडे आहे, त्यामुळे ही दुरुस्ती मी काढते, इथेच, जिथे त्यांचे सगळे चाहते वाचतील.

दुरुस्ती. शालेय मुलींची त्या वर्षीची यादी. क्रमांक दोनपुढे छापलेले नाव चुकीचे आहे. त्या जागी मंगला, उमरेड, असे वाचावे. शेरा बरोबर आहे, तो तसाच ठेवावा. चूक वेळीच लक्षात आली होती. दिलगिरी व्यक्त करण्यासाठी संबंधित गृहस्थ आता हयात नाहीत.